पळसाचा लाल आणि चौदा बिट

फेब्रुवारी सरता सरता वरोऱ्याहून चिमूरच्या रस्त्याला लागलं की बांधाबांधावर पळस फुललेला असतो. गाडी बाजूला घेऊन कॅमेरा काढणारे पुष्कळ, आणि घरी गेल्यावर त्यांची तक्रारही बहुधा एकच: पडद्यावर फूल दिसत नाही, केशरी रंगाचा सपाट डाग दिसतो. यात फोटो काढणाऱ्याचा दोष थोडा. पळसाचा रंग जवळजवळ सगळा लाल चॅनलमध्ये एकवटलेला असतो. कॅमेरा जागच्या जागी जी जेपेग फाईल बनवतो, तिच्यात हा चॅनल शेवटच्या पायरीला जाऊन टेकतो आणि पाकळीची शीर, तिच्यावरची लव, वळणावरची सावली सगळं त्या एका पायरीवर एकजीव होतं. सेन्सरनं टिपलेल्या मूळ नोंदीत मात्र हा तपशील पुष्कळदा शाबूत असतो. ही मूळ नोंद म्हणजे रॉ फाईल. तिच्यातून त्या डागाच्या पुन्हा पाकळ्या करता येणं, हा रॉ संपादनाचा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत कॅमेरा आला की तो वाघाकडे वळतो. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. तेव्हापासून इथल्या फोटोंत पट्ट्यांचंच राज्य आहे. भूदृश्य म्हणजे वाघ दिसला नाही त्या दिवशीची भरपाई, असा एक समज रूढ झालेला. खरं तर वर्धेकाठची काळी जमीन, नागभीड-सिंदेवाहीकडचे मालगुजारी तलाव, आलापल्लीचा जुना साग, भामरागडजवळ एकत्र येणाऱ्या इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या, एवढा ऐवज महाराष्ट्रात फार कमी जिल्ह्यांच्या वाट्याला आला आहे. हे सगळं टिपणं एक वेळ जमतं. टिपलेलं उलगडायचं कसं, याचं शिक्षण मात्र विस्कळीत आहे; आणि जे मिळतं ते बहुतांशी दुसऱ्याच हवामानात बेतलेलं असतं.

आधी थोडं यंत्राविषयी. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूला एकच रंग दिसतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी बेतलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात; उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजानं भरून काढले जातात. हे भरून काढणं, पांढऱ्याचा तोल साधणं, कॉन्ट्रास्ट चढवणं, धार देणं ही कामं कॅमेरा परस्पर करून टाकतो तेव्हा जेपेग तयार होतं, दर चॅनलला २५६ पायऱ्यांचं. रॉ फाईलमध्ये त्यांतलं काहीच झालेलं नसतं. तिच्यात १२ बिटांना ४,०९६ आणि १४ बिटांना १६,३८४ पायऱ्या असतात.

या पायऱ्यांची वाटणी मात्र समान नसते, आणि नवशिक्याला हीच गोष्ट उशिरा कळते. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. त्यामुळे १६,३८४ पैकी ८,१९२ पायऱ्या सर्वांत उजळ एका स्टॉपलाच (प्रकाशाच्या एका दुपटीला) जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८. उतरत उतरत दहाव्या स्टॉपपर्यंत पोचेतो उरतात फक्त १६. गडद भाग ओढून वर आणला की दाणेदार गोंगाट (नॉइज) आणि जांभळट झाक वर येते, ती तिथे मुळात प्रकाशच तुटपुंजा होता म्हणून. छायाचित्रकार मायकेल राइकमन यांनी २००३ साली ‘हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) उजवीकडे सरकवा’ हा सल्ला लोकप्रिय केला तो याच हिशेबावर. पळसापुढे उभं राहून तो जसाच्या तसा पाळला तर पंचाईत होते, कारण तिथे एकूण उजेडाआधी एकटा लाल काठाला पोचलेला असतो. शिवाय कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा हिस्टोग्राम रॉचा नसतोच, आतल्या जेपेगचा असतो. तो धोक्याची सूचना जरा लवकरच देतो. कॅमेऱ्याची चित्रशैली न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवली आणि तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहिले, तर हा आलेख खऱ्याच्या बराच जवळ येतो. प्रकाशमापनाबद्दल एवढं कळलं तरी संपादनाचं निम्मं ओझं उतरतं.

आता शिकवणीकडे. भूदृश्य संपादनाचे बहुतेक धडे आइसलंड, नॉर्वे, आल्प्स किंवा अमेरिकेच्या वाळवंटी राज्यांतल्या फाईलींवर दिले जातात. तिथली हवा निवळ, ऊन तिरकं, सावल्या निळ्या. त्या फाईलींसाठी बनवलेले प्रीसेट वरोऱ्याच्या शिवारावर चढवले की जे होतं ते पाहण्यासारखं असतं. सध्याची एक आवडती तऱ्हा म्हणजे काळा रंग वर उचलून चित्राला फिकट, जुनाट छटा देणं. नोव्हेंबरात कापूस फुटलेल्या शेतावर हा प्रीसेट टाकला की काळी कसदार माती सिमेंटसारखी राखाडी होते. त्या जमिनीची ओळख तिच्या काळेपणात आहे. तिथला काळा उचलणं म्हणजे तालुका बदलणं.

कापसाचं हेच शेत शिकण्यासाठी मात्र उत्तम. एकाच चौकटीत जवळजवळ पांढरं बोंड आणि जवळजवळ काळी ढेकळं, असा तक्ता बाजारात विकत मिळणार नाही. बोंडाच्या तंतूंत पोत राहिला पाहिजे आणि ढेकळाच्या फटीत शेवटचा खरा काळा. मधल्या सगळ्या छटा या दोन टोकांच्या मध्ये बसवायच्या. अमेरिकेत आन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टीम मांडली, तिचा गाभा हाच होता: दृश्यातली कुठली जागा छपाईत किती गडद पडणार, हे आधी ठरवायचं. अ‍ॅडम्स यांच्या १९४१ मधल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या प्रसिद्ध चित्राच्या सुरुवातीच्या छपायांत आभाळात पुसट ढग दिसतात, नंतरच्या दशकांतल्या छपायांत तेच आभाळ जवळपास काळं होत गेलं. निगेटिव्ह एकच. डार्करूममध्ये प्रकाश अडवण्याच्या आणि वाढवण्याच्या त्या हातचलाखीची चिन्हं, काडीवरची चकती आणि वळलेला पंजा, फोटोशॉपच्या टूलपट्टीत अजून टिकून आहेत. ‘फिल्मच्या काळात फोटो खरे असत’ असं म्हणणाऱ्यांनी या छपाया शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

इथला सर्वांत अवघड प्रश्न हवेचा आहे.

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. भोवती कोळशाच्या उघड्या खाणी, ट्रकांची धूळ, आणि मार्च ते मे या काळात मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळल्याचा धूर. मेमध्ये पारा ४६-४७ अंशांवर गेला की आभाळ निळं राहत नाही, पांढरं होतं. दूरच्या टेकडीवर पडलेला हा पडदा म्हणजे मधल्या हवेनं आपल्याकडे विखुरलेला जादा प्रकाश. तो गडद भागांवर साचतो, म्हणून अंतर वाढेल तसा काळा रंग फिका पडतो. संगणकशास्त्रात या पडद्याचा अंदाज बांधण्याची एक सुटसुटीत पद्धत कायमिंग हे या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली. २०१५ च्या जूनमध्ये अ‍ॅडोबीनं आपल्या प्रणालीत ‘डिहेज’ची पट्टी आणली आणि जगभरची भूदृश्यं रातोरात कडक झाली. सरकवली की झालं. पण ही पट्टी जोरात ओढली की क्षितिजाजवळचं आभाळ मळकट जांभळं होतं, टेकडीच्या कडेनं काळी रेघ उमटते, रंग भडकतात. ताडोबाच्या मातीच्या रस्त्यांवर लेन्स बदलली असेल तर सेन्सरवर बसलेला धुळीचा प्रत्येक कणही आभाळात ठिपका होऊन दिसू लागतो.

दुसरा आक्षेप तांत्रिक नाही. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या टेकड्यांमुळेच सपाट चित्रात अंतर कळतं. सगळं धुकट काढून टाकलं की सातबहिणींचे डोंगर नागभीडच्या शेताला येऊन चिकटल्यासारखे दिसतात. म्हणून जाणते लोक डिहेज पूर्ण चौकटीवर लावत नाहीत. मास्क करून मधल्या पट्ट्यापुरता थोडा काळा परत आणतात, मागची रांग फिकीच ठेवतात, आणि धुराची तपकिरी झाक निळी करण्याचा मोह टाळतात. चंद्रपूरच्या मे महिन्याचं आभाळ पांढरं असतं. ते निळं दाखवणाऱ्या चित्राला चंद्रपूरचा माणूस पाहताक्षणी ओळखतो.

उन्हाच्या झळांचं मात्र काहीच करता येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून दूरचं झाड वितळल्यासारखं येतं. धार वाढवण्याचं टूल अशा जागी फक्त त्या थरथरीला धार देतं. तीच गोष्ट पोलरायझर फिल्टरची. ओल्या पानांवरची किंवा पाण्यावरची चकाकी टिपतानाच कापली नसेल, तर तिच्याखालचा रंग फाईलमध्ये आलेलाच नसतो. आणि तिन्ही चॅनल काठाला टेकलेलं आभाळ कोरं राहतं. रॉमध्ये ‘सगळं वाचतं’ ही समजूत कॅमेऱ्याच्या दुकानातली आहे.

नागभीड-सिंदेवाहीकडच्या झाडीपट्टीत गेलं की धडे बदलतात. मालगुजारीच्या काळात गावोगाव बांधलेल्या तलावांवर पहाटे उभं राहिलं तर वर आभाळ, खाली त्याचं प्रतिबिंब. इथे एक हमखास चूक होते. आभाळावर वरून खाली ग्रेडियंट ओढून ते गडद केलं जातं आणि पाणी आहे तसंच ठेवलं जातं. मग प्रतिबिंब मूळ आभाळापेक्षा उजळ दिसू लागतं. निसर्गात असं होत नाही, कारण पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग आत शिरतो आणि उरलेलाच परततो. पाहणाऱ्याला हा नियम ठाऊक नसला तरी डोळ्याला खटकतं. पाणीही त्याच प्रमाणात, जरा जास्तच, उतरवलं की चित्र जागेवर येतं.

हिरव्याचं शिक्षण तर कुठल्याच पुस्तकात नीट मिळत नाही. जुलैत धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतला पऱ्हा, म्हणजे रोप, पिवळट हिरवा असतो, त्यामागचा साग गडद, आणि जुलै-ऑगस्टात त्याच सागावर पांढुरका फुलोरा चढतो. पुढे अळीनं पानांची जाळी केली की ऐन पावसाळ्यात सागाचे पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसतात. नवखा संपादक तो तपकिरी रंग ‘दुरुस्त’ करतो. मार्चमध्ये कुसुमाची कोवळी पालवी लाल-तांबडी येते. तिलाही पुष्कळदा व्हाइट बॅलन्सची चूक समजून हिरवं केलं जातं. सध्या फॅशनमध्ये असलेला निळसर हिरवा प्रीसेट धानाच्या बांधीवर टाकला तर ते पीक धानाचं वाटतच नाही. यावर उपाय स्लायडरमध्ये सापडणार नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना झाडापाखरांच्या बारीकसारीक नोंदी ठेवत. कुठल्या झाडाला कधी पालवी, कधी फूल, पान कुठल्या रंगानं झडतं, असलं टिपण हाताशी असणं हेच इथे रंगसंपादनाचं खरं पाठ्यपुस्तक. कांडोळाचं फिकट खोडसुद्धा कामाला येतं. त्याची झाक ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आंधळेपणानं त्याला पांढरं मानून तोल साधू नये. पण सावलीतलं खोड निळं आणि उन्हातलं पिवळं किती झालंय, हे त्याच्यावर चटकन दिसतं.

ताडोबाच्या गाभाक्षेत्रात भूदृश्य टिपणाऱ्याची अडचण वेगळी आहे. गाडीतून उतरता येत नाही, ट्रायपॉड रोवता येत नाही, फाटक उघडतं ते उजाडता उजाडता, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभाक्षेत्र बंद. म्हणजे मंद उजेड, हातात धरलेला कॅमेरा, चढवलेला आयएसओ. अशा फाईलींत गोंगाट काढणं हाच मोठा भाग असतो. एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅडोबीनं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डिनॉइज आणलं. गोंगाटात बुडालेल्या कित्येक फाईली त्यानंतर वापरण्याजोग्या झाल्या. बांबूच्या पानांसारख्या बारीक पोतावर मात्र ते कधीकधी नसलेली पानं रचतं. १०० टक्के मोठं करून तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. थोडा इतिहास मात्र रंजक आहे. प्रत्येक कंपनीची रॉ फाईल वेगळी, कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, आणि तिची रचना बहुधा गुलदस्त्यात. डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरनं १९९७ पासून एकहाती या फाईलींची कुलपं उघडली आणि ‘डीसीरॉ’ सर्वांसाठी मोफत ठेवलं. पुढच्या कित्येक प्रणाली त्याच्या खांद्यावर उभ्या राहिल्या. अ‍ॅडोबीचं कॅमेरा रॉ २००३ मध्ये आलं, खुला डीएनजी साचा २००४ मध्ये, लाइटरूम २००७ मध्ये. लाइटरूम आता फक्त वर्गणीवर मिळतं. ज्याला दरमहा पैसे भरणं जड जातं त्याच्यासाठी रॉथेरपी आणि २००९ साली सुरू झालेलं डार्कटेबल हे मोफत आणि पूर्ण ताकदीचे पर्याय आहेत. रॉथेरपीची विनामूल्य मार्गदर्शिका तर वाचण्यासारखी आहे. प्रत्येक टूलमागचं कारण तिच्यात सापडतं. डार्कटेबल सुरुवातीला घाबरवतं, कारण एकाच कामाची चार मॉड्यूल समोर मांडून ठेवतं. पण सेन्सरचा सरळ आकडा पडद्याच्या मर्यादेत कसा बसवायचा, हा गाभ्याचा प्रश्न ते लपवत नाही. शिकणाऱ्यासाठी हा गुणच.

कॅमेरा नसलेल्यांनाही वाट बंद नाही. अँड्रॉइडनं २०१४ मध्ये आणि आयफोननं २०१६ मध्ये रॉ टिपण्याची सोय दिली. स्नॅपसीड मोफत आहे आणि त्यात डीएनजी उघडते.

पैसे खर्च करायचेच तर आधी पडद्यावर करावेत. बाजारात ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणून विकले जाणारे स्वस्त लॅपटॉप पडदे एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६० ते ६५ टक्के दाखवतात. पळसाचा केशरी, कुसुमाचा तांबडा, धानाचा पिवळट हिरवा, सगळे नेमके उरलेल्या भागातले. अशा पडद्यावर रंग फिका वाटतो, म्हणून सॅच्युरेशन वाढवलं जातं, आणि तेच चित्र चांगल्या मोबाइलवर उघडलं की डोळ्यांत खुपतं. उजेडाचंही तसंच. कमाल प्रखरतेवर ठेवलेल्या पडद्यावर बेतलेली प्रत लॅबमधून काळवंडून येते आणि बोल लॅबवाल्याला लागतो. पडद्याची प्रखरता खाली आणणं फुकट आहे. एक छोटी प्रत छापून ती पडद्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरणं, हा सगळ्यात स्वस्त वर्ग.

सरावाची एक रीत खूप उपयोगी पडते: एकच रॉ फाईल चार-पाच जणांनी वेगवेगळी संपादित करायची आणि निकाल एकत्र मांडायचे. कुणी आभाळासाठी सगळं पणाला लावतो, कुणी मातीसाठी. आपली सवय कुठली, हे एकट्यानं काम करताना वर्षानुवर्षं कळत नाही.

संपादनाच्या मर्यादेचा प्रश्न यानंतर येतो, आणि या जिल्ह्यांत तो धुराड्यांच्या रूपानं येतो. चंद्रपूरच्या आसपास क्षितिजावर औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. माजरी-एकोणा पट्ट्यात खाणीतून उपसलेल्या मातीचे कृत्रिम डोंगर. क्लोन टूलनं ती काढणं मिनिटाभराचं काम. फोटोशॉपमध्ये २०२० पासून अख्खं आभाळच बदलून मिळतं. दिनदर्शिकेसाठी कुणी ते केलं तर भांडण काढू नये. पण चित्राखाली गावाचं नाव आणि तारीख लिहिली की ते चित्र साक्ष होतं, आणि मग धुराडं पुसणं म्हणजे खोटी साक्ष. स्पर्धांनी हा प्रश्न रॉ फाईल मागवून सोडवायचा प्रयत्न केला. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली अंतिम टप्प्याच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका मूळ फाईलींशी ताडून बाद झाल्या. रॉ ही साक्ष असली तरी सेन्सरपुढे जे होतं त्याचीच. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेतलं २०१७ चं एक विजेतं चित्र, ब्राझीलच्या माळावर चमकणारं वारूळ आणि त्याकडे झेपावणारा मुंगीखाऊ, पुढच्या वर्षी बाद ठरलं. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. पेंढा भरलेलं जनावर रॉमध्येही जनावरासारखंच येतं.

धुराडं ठेवून केलेलं संपादन जास्त कसोटीचं असतं, आणि या भागातून पाहायला हवीत ती चित्रं हीच. सांजवेळचं धुरकट आभाळ, समोर ढिगाऱ्याची कड, खाली उरलेलं शेत: इथे कॉन्ट्रास्ट कुठे द्यायचा यावरून छायाचित्रकाराची बाजू कळते. धूर जांभळा-गुलाबी करून त्याचं सौंदर्य केलं, की चित्र बोलतं ते वीज केंद्राच्या बाजूनं.

जतनाबद्दल शिकवणीत फार कमी बोललं जातं. २४ मेगापिक्सेलची १४ बिटांची फाईल न आवळता ठेवली तर साधारण ४२ एमबी भरते, म्हणून जेपेग काढून रॉ पुसण्याची सवय पुष्कळांना आहे. पण इथली जमीन बदलते. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९४९ नंतर आनंदवन उभं राहिलं आणि तिथे शेती आली. उलट दिशेनं, कालचं शिवार आज खाण झाल्याची उदाहरणं शेजारीच आहेत. जुनी रॉ फाईल नव्या प्रणालीत पुन्हा उघडली की आधीपेक्षा जास्त देते, कारण रंग भरून काढण्याच्या आणि गोंगाट हटवण्याच्या रीती सुधारत गेल्या आहेत; जेपेगमध्ये त्या दिवशीचा निर्णय कायमचा गोठलेला असतो. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांपैकी कुणीही मूळ फाईलला हात लावत नाही. केलेले बदल कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या काही किलोबाइटच्या छोट्या मजकूर फाईलमध्ये लिहिले जातात, तेव्हा प्रत काढताना त्याही उचलाव्या लागतात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असावं, फाईलच्या नोंदीत गावाचं नाव लिहावं, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या हार्ड डिस्कवर फार भिस्त ठेवता येत नाही.